अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह टॅरिफच्या बाजूने की विरोधात? आधी विचारा, त्यातले कोणते

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सोलापुरात तुमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे आणि माल नॉर्थ कॅरोलिनातल्या एका बायरकडे जातो. बायर पक्का रिपब्लिकन. टॅरिफ योग्यच आहे असं तो म्हणतो आणि त्याच मेलमध्ये भाव वीस टक्के उतरवायला सांगतो. तुम्ही फॉक्स न्यूज लावता, तिथे टॅरिफचं आणि संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांचं कौतुक चाललेलं असतं. वॉल स्ट्रीट जर्नल उघडता, तर संपादकीय पानावर त्याच टॅरिफची सालटी काढलेली. दोन्ही मर्डॉक कुटुंबाच्या हातातली. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये हेगसेथ यांच्या खात्याने पत्रकारांना घातलेल्या अटी खुद्द फॉक्सनेच धुडकावल्या. म्हणून तुम्ही विचारलंत, या लोकांचं नेमकं म्हणणं काय, आणि कोणाचं ऐकून पुढच्या सहा महिन्यांचा भाव ठरवायचा?

तुमची खरी अडचण प्रश्नाच्या दुसऱ्या भागात आहे. अमेरिकेत 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या एका पाटीखाली तीन प्रकारचे लोक बोलतात: ज्याच्या हातात सही आहे तो (राष्ट्राध्यक्ष), ज्याच्या हातात मत आहे तो (काँग्रेसमधला खासदार), आणि ज्याच्या हातात माइक आहे तो (वाहिन्या आणि वर्तमानपत्रं). तुमच्या कंटेनरवरचं शुल्क पहिला ठरवतो, दुसरा क्वचित अडवतो. तिसरा फक्त तुमच्या बायरचा मूड ठरवतो. टीव्हीवर दिसतो तो बहुतेक तिसराच, म्हणून गोंधळ होतो.

पुढचं सगळं तुमच्या परिस्थितीनुसार थोडं बदलेल. माल एफओबी विकता (जहाजावर चढेपर्यंतच जबाबदारी तुमची) की डीडीपी (तिकडचं शुल्क भरून दारात पोचवायचा), तुमचा एचएस कोड, म्हणजे मालाचा जकातीतला वर्गीकरण क्रमांक, कोणता, बायरला पाकिस्तान किंवा तुर्कस्तानकडे वळणं किती सोपं आहे, त्याचा माल आधीच रस्त्यात आहे का, हे मला माहीत नाही. शिवाय दर बदलत राहतात, म्हणून खालचे आकडे ज्या तारखेचे आहेत त्या तारखेसकट वाचा.

सुरुवात दोन मतदानांपासून करू, कारण मत नोंदलं जातं आणि नंतर फिरवता येत नाही. २४ जानेवारी २०२५ ला सिनेटमध्ये हेगसेथ यांच्या नियुक्तीवर ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या निर्णायक मताने ती मंजूर झाली. विरोधात गेलेले रिपब्लिकन तीन: मिच मॅकॉनेल, सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की. २ एप्रिल २०२५ ला कॅनडावरच्या टॅरिफचा आधार असलेली आणीबाणी रद्द करण्याचा ठराव सिनेटने ५१-४८ ने मंजूर केला. त्यात डेमोक्रॅटांसोबत गेलेले रिपब्लिकन चार: तेच तिघे आणि रँड पॉल. पॉल यांनी हेगसेथ यांना मात्र पाठिंबा दिला होता.

या एका फरकात बरंच काही आहे. मॅकॉनेल आणि पॉल दोघेही केंटकीचे. केंटकी म्हणजे बर्बन व्हिस्की, आणि कॅनडाच्या प्रांतांनी मार्चमध्ये अमेरिकन दारू दुकानांच्या फडताळांवरून काढून टाकली होती. स्थानिक कारण दोघांचं एकच, पण विचारांची वाट वेगळी. मॅकॉनेल जुन्या पठडीतले: मोठं सैन्य, नाटोसारखी घट्ट मैत्री, मित्रदेशांशी खुला व्यापार. म्हणून त्यांना हेगसेथही नको आणि कॅनडावर टॅरिफही नको. पॉल यांचा मुद्दा घटनेचा आहे. घटनेच्या पहिल्या कलमाचा आठवा विभाग कर आणि जकात बसवण्याचा अधिकार काँग्रेसला देतो, मग राष्ट्राध्यक्ष आणीबाणी पुकारून तो कसा वापरतात? संरक्षणखात्याचा प्रमुख कोण असावा, हा त्यांच्या दृष्टीने वेगळा विषय. हेगसेथ यांचा समर्थक तो टॅरिफचाही समर्थक, असं गृहीत धरलंत तर पॉलपाशीच हिशेब चुकतो. उलट मिसुरीचे जॉश हॉली यांच्यासारख्या सिनेटरांचं दोन्हींना समर्थन आहे.

आता टॅरिफ, कारण तुमचे पैसे तिथे अडकले आहेत.

रिपब्लिकन पक्ष कायम मुक्त व्यापाराचा होता आणि ट्रम्प यांनी तो उलटवला, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. लिंकनच्या काळापासून हा पक्ष संरक्षक जकातीचाच होता. १८९० ची मॅकिन्ली जकात त्याचीच, आणि १९३० चा स्मूट-हॉली कायदा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या सहीचा. मुक्त व्यापार ही पक्षाची दुसऱ्या महायुद्धानंतरची ओळख. १९९३ मध्ये नाफ्टा करार प्रतिनिधीगृहात २३४-२०० ने मंजूर झाला तेव्हा बाजूने १३२ मतं रिपब्लिकनांची होती आणि १०२ डेमोक्रॅटांची. आणि मुक्त व्यापाराचं दैवत मानले जाणारे रेगन? त्यांनी १९८१ मध्ये जपानला मोटारींच्या निर्यातीवर 'स्वेच्छेने' मर्यादा घालायला लावली, १९८३ मध्ये हार्ले-डेव्हिडसनला वाचवायला ७०० सीसीवरच्या मोटारसायकलींचं शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेलं, आणि १९८७ मध्ये चिपच्या वादातून ३० कोटी डॉलरच्या जपानी इलेक्ट्रॉनिक मालावर १०० टक्के शुल्क लावलं. रेगन यांच्या काळातले उपव्यापार प्रतिनिधी रॉबर्ट लाइटहायझर पुढे ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत मुख्य व्यापार प्रतिनिधी झाले. धागा तुटलेला नव्हता, झाकलेला होता.

आजही दोन्ही धागे एकाच पक्षात आहेत. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारसंस्थेने २०२३ मध्ये पुढच्या सरकारसाठी जो जाडजूड धोरणसंग्रह काढला, त्यात व्यापारावर दोन परस्परविरोधी निबंध छापावे लागले: टॅरिफच्या बाजूने ट्रम्प यांचे व्यापार सल्लागार पीटर नव्हारो, मुक्त व्यापाराच्या बाजूने केंट लासमन. बाकी बहुतेक विषयांवर एकच भूमिका, इथे दोन. मुक्त व्यापाराच्या गटात वॉल स्ट्रीट जर्नलचं संपादकीय मंडळ, नॅशनल रिव्ह्यू हे मासिक, केटो इन्स्टिट्यूट ही विचारसंस्था आणि पॉल. जर्नलच्या ३१ जानेवारी २०२५ च्या अग्रलेखाचं शीर्षकच होतं, इतिहासातलं सर्वांत मूर्खपणाचं व्यापारयुद्ध. समोर लाइटहायझर, नव्हारो, हॉली, व्हान्स आणि ऑरेन कास यांची अमेरिकन कंपास ही संस्था. यांचं म्हणणं असं, की स्वस्त टॉवेल मिळाला खरा, पण कॅरोलिनातल्या गिरण्या बंद पडल्या, आणि जे गाव उजाड झालं त्याची भरपाई स्वस्त मालाने होत नाही. तुमचा बायर नॉर्थ कॅरोलिनाचा आहे, हे लक्षात ठेवा. ते कापडगिरण्यांचंच राज्य होतं. टॅरिफबद्दलची त्याची आस्था ढोंग असेलच असं नाही. तिथल्या माणसाला दोन्ही गोष्टी मनापासून वाटू शकतात: टॅरिफ हवं, आणि त्याचा भार दुसऱ्याने उचलावा.

टॅरिफच्या बाजूचे लोकही एकाच कारणासाठी बोलत नाहीत, आणि हा भाग नीट वाचा. कोणी म्हणतं, कारखाने परत आणायचे आहेत. कोणी म्हणतं, तिजोरीत महसूल येतोय. कोणी म्हणतं, ही वाटाघाटीतली चाल आहे, समोरचा नमला की काढू. तिन्ही एकदम खरं असू शकत नाही. कारखाने परत आले तर आयात घटेल आणि महसूलही घटेल. ती चाल असेल तर शुल्क कधीतरी उतरणार, आणि उतरणार असेल तर त्याच्या भरवशावर कोण गिरणी उभारील? मी कोणतंही टॅरिफ समोर आलं की आधी हेच पाहतो की यामागे तीनपैकी कोणतं कारण आहे. चालीचं शुल्क झटक्यात चढतं आणि झटक्यात उतरतं. देशी कारखान्यांच्या संरक्षणासाठीचं शुल्क बसलं की वर्षानुवर्षं हलत नाही.

कारण ओळखायला भाषणं ऐकायची गरज नाही, कायद्याचं कलम पाहिलं की पुरतं. १९६२ च्या कायद्याचं कलम २३२ राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने वापरतात. वाणिज्य खातं चौकशी करतं, अहवालाला २७० दिवसांपर्यंतची मुदत, मग राष्ट्राध्यक्षांना निर्णयासाठी ९० दिवस. पोलाद आणि ॲल्युमिनियमचं शुल्क याच कलमाखाली २०१८ मध्ये आलं, मधल्या बायडन यांच्या काळातही पूर्ण गेलं नाही, मार्च २०२५ मध्ये सरसकट २५ टक्के झालं आणि ४ जूनला ५० टक्के. १९७४ च्या कायद्याचं कलम ३०१ दुसऱ्या देशाच्या अन्याय्य व्यवहारांविरुद्ध आहे. चीनवर २०१८ पासून लागलं ते हेच, आणि डेमोक्रॅट सरकारनेही ते ठेवलं. त्याच कायद्याचं कलम १२२ जास्तीत जास्त १५ टक्के शुल्क लावू देतं, तेही १५० दिवसच. पुढे काँग्रेसची संमती लागते.

आणि मग १९७७ चा आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा कायदा, आयईईपीए. भारतावरचं शुल्क याच्या आधारे आलं. २ एप्रिल २०२५ ला २६ टक्के जाहीर झालं, ७ ऑगस्टपासून २५ टक्के लागू झालं, आणि रशियन तेलाच्या खरेदीवरून आणखी २५ टक्के २७ ऑगस्टपासून. या कायद्यात चौकशी नाही, सुनावणी नाही, मुदत नाही. म्हणून तो चालीला सोयीचा होता, आणि म्हणूनच कोर्टात सर्वांत ठिसूळ ठरला. त्याविरुद्ध पहिल्यांदा कोर्टात कोण गेलं ते पाहा. एप्रिल २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात फ्लोरिडात दावा लावला न्यू सिव्हिल लिबर्टीज अलायन्सने, आणि न्यूयॉर्कच्या एका वाइन आयातदाराचा गाजलेला खटला लढवला लिबर्टी जस्टिस सेंटरने. सरकारने माणसाच्या खिशात आणि व्यवहारात कमीत कमी हात घालावा, या उजव्या विचारातूनच दोन्ही संस्था आलेल्या. ५ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत सरकारी वकिलांना अवघड प्रश्न विचारणाऱ्यांत सरन्यायाधीश रॉबर्ट्स, न्यायमूर्ती गॉर्सच आणि बॅरेट होते. तिघेही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले, त्यातले दोन खुद्द ट्रम्प यांनी. टॅरिफला गंभीर आव्हान उजवीकडूनही आलं, हे टीव्ही पाहून कळत नाही.

'मग काँग्रेस का अडवत नाही?' हा प्रश्न इथे येणारच. सिनेटने ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ब्राझील, कॅनडा आणि जगभरच्या टॅरिफविरुद्ध लागोपाठ तीन ठराव मंजूर केले. काही झालं नाही. एक तर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात आणि तो ओलांडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. दुसरं, प्रतिनिधीगृहातल्या रिपब्लिकन नेतृत्वाने मार्चमध्येच एक नियम केला होता. आणीबाणी रद्द करण्याचा ठराव ठरावीक दिवसांत पटलावर घ्यावा लागतो, पण यापुढचे दिवस त्या मोजणीत दिवस धरायचेच नाहीत! ज्या खासदारांना टॅरिफ आवडत नव्हतं त्यांची त्यामुळे सोयच झाली. २०२५ मध्ये मत द्यायची वेळच आली नाही. आयोवाचे रिपब्लिकन चक ग्रासली यांनी डेमोक्रॅट मारिया कँटवेल यांच्यासोबत एक विधेयक आणलं, की नवं शुल्क ६० दिवसांत काँग्रेसने मंजूर केलं नाही तर संपावं. ते पुढे सरकलं नाही. शेतीप्रधान राज्यांतले रिपब्लिकन बोलतात फार, अडवतात कमी. २०१८-१९ मध्ये चीनने सोयाबीन घेणं थांबवलं तेव्हा शेतकऱ्यांसाठी आधी १२ आणि मग १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली आणि कुरकुर शमली. टॉवेलवाल्यांच्या वतीने कुरकुर करणारा सिनेटर तर मुळात नाहीच.

शुल्क खरोखर हलतं ते महागाईने. नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला न्यू जर्सी आणि व्हर्जिनियात रिपब्लिकन हरले, महागाईची चर्चा झाली, आणि त्याच महिन्याच्या मध्यात कॉफी, चहा, केळी, टोमॅटो, गोमांस, मसाले यांवरचं देशनिहाय शुल्क काढलं गेलं. किराणा मालाच्या पावतीवर दिसतं ते आधी सुटतं. टॉवेल माणूस दर आठवड्याला घेत नाही, म्हणून तो त्या यादीत यायला वेळ लागेल, असं माझं मत.

संरक्षणाचा विषय तुमच्या भावाशी थेट जोडलेला नाही, तरी तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. हेगसेथ आर्मी नॅशनल गार्डमधले माजी मेजर आणि फॉक्सच्या शनिवार-रविवारच्या सकाळच्या कार्यक्रमाचे आधीचे सहसूत्रधार. तुलनेसाठी आधीचे संरक्षणमंत्री: २०१७ मध्ये मॅटिस ९८-१ ने आले, २०२१ मध्ये ऑस्टिन ९३-२ ने. संरक्षणमंत्र्याला दोन्ही पक्षांनी मत द्यायचं, ही रीत होती. ती मोडली याचं समर्थकांना दुःख नाही, कारण त्यांचं म्हणणंच असं की जनरल आणि नोकरशहांच्या साखळीतला माणूस ती साखळी बदलणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये संयुक्त सेनाप्रमुख जनरल सी. क्यू. ब्राऊन आणि नौदलप्रमुख ॲडमिरल फ्रँकेटी यांना काढलं, मे महिन्यात चार तारे असलेल्या अधिकाऱ्यांची पदं किमान २० टक्के कमी करायचा आदेश निघाला, तेव्हा या गटाने टाळ्या वाजवल्या. संयुक्त सेनाप्रमुख हा प्रत्यक्ष हुकूम देणाऱ्या साखळीत नसतो, तो सल्लागार असतो, ही १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याची रचना. त्यामुळे 'युद्ध लढणारा प्रमुख बदलला' ही आपल्याकडच्या वाहिन्यांवरची भाषा चूक आहे. लढाऊ कमांडरांना हुकूम जातो तो राष्ट्राध्यक्ष आणि संरक्षणमंत्र्यांकडून.

पण माणसाला पाठिंबा आणि धोरणाला पाठिंबा यांत इथेही फट आहे. सिनेटच्या सशस्त्र सेना समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष रॉजर विकर यांनी हेगसेथ यांची नियुक्ती तडीस नेली. तेच विकर मार्चमध्ये सिग्नल ॲपवरच्या चॅटचं प्रकरण निघाल्यावर डेमोक्रॅट जॅक रीड यांच्यासोबत महानिरीक्षकांकडे चौकशी मागतात. येमेनवरच्या हल्ल्याची वेळ हेगसेथ यांनी त्या चॅटमध्ये आधीच लिहिली होती आणि चुकून एक संपादक त्या ग्रुपमध्ये होता. नाटोच्या सर्वोच्च सेनापतीचं पद अमेरिका सोडणार अशी बातमी आली, तेव्हा विकर आणि प्रतिनिधीगृहातले त्यांचे समपदस्थ माइक रॉजर्स यांनी जाहीर विरोध केला. युरोप, आशिया, आखात सगळीकडे पाय रोवून उभं राहावं म्हणणारा हा एक गट. चीन सोडून बाकी सगळं दुय्यम, म्हणून युक्रेनला जाणारी शस्त्रं मोजून द्या म्हणणारा एल्ब्रिज कोल्बी यांचा दुसरा. ते आता पेंटागॉनमध्ये धोरणाचे प्रमुख आहेत. आणि परदेशातल्या लढायाच नकोत म्हणणारा, फॉक्सचे माजी निवेदक टकर कार्लसन आणि ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन यांचा तिसरा. जून २०२५ मध्ये इराणवर हल्ल्याची वेळ आली तेव्हा कार्लसन आणि फॉक्सचे मार्क लेव्हिन यांची जाहीर जुंपली होती. बॅनन टॅरिफचे कडवे समर्थक आहेत आणि इराणच्या युद्धाचे विरोधक. म्हणजे इथेही एका विषयावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

टॅरिफशी या विषयाचा खरा सांधा एकच, कलम २३२. पोलाद आणि ॲल्युमिनियम देशात बनलं नाही तर युद्धनौका कशा बांधणार, हा राष्ट्रवादी गटाचा युक्तिवाद. त्यावर मॅकॉनेल पठडीचं उत्तर असं, की अमेरिकेला सर्वांत जास्त ॲल्युमिनियम कॅनडा देतो, तो मित्रदेश आहे, त्याच्यावर शुल्क लावून संरक्षण उद्योगाचाच खर्च वाढतो. पहिल्या गटाचं पारडं सध्या जड आहे, आणि यादी गुपचूप वाढत जाते. १८ ऑगस्ट २०२५ ला एका फटक्यात ४०७ कोड पोलाद-ॲल्युमिनियमच्या यादीत आले. कोल्हापूर-बेळगावच्या कास्टिंगवाल्यांनी हेगसेथ यांच्या बातम्यांऐवजी ती यादी पाहावी. पुण्याच्या वाहन-सुट्या भागांचंही तसंच. मोटारी आणि हलक्या ट्रकचे जे भाग २०२५ मध्ये २३२ खाली २५ टक्क्यांत येत होते त्यांना आयईईपीएचं शुल्क वरून लागत नव्हतं, म्हणून ऑगस्टनंतर एकाच वसाहतीतल्या दोन कारखान्यांचं शुल्क निम्म्याने वेगळं असू शकत होतं.

माध्यमांबद्दल. उजव्या अमेरिकेचा पत्रकारांवरचा राग जुना आहे. १९६९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू यांनी टीव्हीच्या बातमीदारांवर केलेलं भाषण त्याची एक खूण. १९८७ मध्ये रेडिओ-टीव्हीवर दोन्ही बाजू दाखवण्याचं बंधन सरकारने काढलं, पुढच्या वर्षी उजवे निवेदक रश लिम्बॉ देशभर रेडिओवर आले, १९९६ मध्ये फॉक्स न्यूज सुरू झालं. गॅलपच्या २०२५ च्या पाहणीत माध्यमांवर विश्वास असणारे अमेरिकन २८ टक्के निघाले, आणि रिपब्लिकनांत हे प्रमाण एक आकडी. याचा व्यावहारिक अर्थ असा, की 'न्यूयॉर्क टाइम्सने हेगसेथ यांचं अमुक प्रकरण काढलं, आता ते जाणार' हा तर्क चालत नाही. त्यांच्या मतदाराच्या लेखी ते वर्तमानपत्र म्हणजे विरोधी पक्षच. सिग्नल प्रकरणात राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार वॉल्ट्झ यांचं पद गेलं, हेगसेथ यांचं राहिलं.

मग फॉक्सने पेंटागॉनच्या अटी का नाकारल्या? अटींचा गाभा असा, की परवानगी नसलेली माहिती पत्रकाराने मागितली तर त्याचं ओळखपत्र जाऊ शकतं. १४ ऑक्टोबरला फॉक्ससह पाच मोठ्या वाहिन्यांनी एकत्र निवेदन काढलं, न्यूजमॅक्स या उजव्या वाहिनीनेही नकार दिला, सही करणाऱ्यांत वन अमेरिका न्यूज ही दुसरी उजवी वाहिनी होती. यात विसंगती काही नाही. संध्याकाळच्या मतप्रदर्शनाचा फॉक्स वेगळा आणि बातमीदारांचा फॉक्स वेगळा. बातमीदाराला उद्या डेमोक्रॅट सरकारच्या काळातही त्याच दारातून आत जायचंय. जर्नलमध्ये हीच फट उलटी दिसते: बातम्यांची पानं आणि संपादकीय पान यांचे संपादक वेगळे, आणि टॅरिफवर धारदार आहे ते संपादकीय पान. ते अनेक दशकं मुक्त व्यापाराचंच आहे. त्याने टॅरिफवर टीका केली ही बातमी नव्हे. हॉली किंवा लाइटहायझर यांनी केली, तर लगेच कान टवकारा.

आता तुमचा भाव. सुती टेरी टॉवेल, कोड ६३०२.६०, मूळ शुल्क ९.१ टक्के. २७ ऑगस्ट २०२५ नंतरचा हिशेब ९.१ अधिक २५ अधिक २५, म्हणजे ५९.१ टक्के. अमेरिकेत शुल्क एफओबी किमतीवर लागतं, समुद्रभाडं त्यात धरत नाहीत. १०० डॉलरचा माल बायरला तेव्हा १५९.१० ला पडत होता. वर कस्टम्सची ०.३४६४ टक्के प्रक्रिया फी आणि ०.१२५ टक्के बंदर फी. पाकिस्तानवरचं वाढीव शुल्क तेव्हा १९ टक्के, म्हणजे १०० चा माल १२८.१० ला. त्याच्याशी बरोबरी करायची तर तुम्हाला १०० चा माल ८०.५० ला द्यावा लागला असता. बायरने वीस टक्के मागितले ते असेच. त्याने राजकारण केलेलं नाही, भागाकार केलाय. तेलाचे २५ वजा केले आणि बाकी तसंच धरलं, तर बरोबरीचा भाव ९५.५० होतो. म्हणून कोणतीही सूट कायमच्या भावात देऊ नका. मूळ भाव तसाच ठेवा आणि 'टॅरिफ समायोजन' अशी वेगळी ओळ इन्व्हॉइसवर आणि करारात दाखवा, दर उतरला की ती आपोआप कमी होईल अशी. ही रचना बायरच्या कस्टम्स ब्रोकरला आधी दाखवून घ्या, कारण जाहीर केलेली किंमत आणि प्रत्यक्ष दिलेले पैसे जुळले पाहिजेत. डीडीपीच्या फंदात पडू नका. मग शुल्क भरणारे तुम्हीच होता आणि दर बदलला की बुडताही तुम्हीच.

परताव्याचा मुद्दा बहुतेक निर्यातदार विसरतात. शुल्क बेकायदा ठरून पैसे परत मिळाले, तर ते नोंदणीकृत आयातदाराला मिळतात, म्हणजे तुमच्या बायरला. तुम्ही सूट देऊन त्या शुल्काचा भार उचललेला असला तरी तुमच्या हाती काही येत नाही. म्हणून सूट देतानाच लेखी घ्या: या मालावरचं शुल्क परत मिळालं, तर दिलेल्या सुटीच्या प्रमाणात वाटा परत. आयातीची नोंद साधारण ३१४ दिवसांनी अंतिम होते आणि त्यानंतर हरकतीला १८० दिवस असतात, तेव्हा प्रत्येक शिपमेंटचा नोंदणी क्रमांक बायरकडून आत्ताच मागून ठेवा. वर्षभराने मागितलात तर तो शोधत बसेल, किंवा बसणार नाही.

तारखांचंही बघा. २७ ऑगस्टपासून लागू झालेल्या आदेशात सवलत होती, की त्याआधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरपूर्वी अमेरिकेत नोंद झालेला माल वाढीव २५ मधून सुटेल. ऐकायला बरं, पण न्हावाशेवाहून पूर्व किनाऱ्याला पाचेक आठवडे लागतात. म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यानंतर चढलेला कंटेनर मुळातच त्या सवलतीबाहेर होता. अशी सवलत आली की आदेशातली दुसरी तारीख आधी वाचा आणि तिथून मागे मोजा. दर उतरेल अशी बायरला खात्री वाटत असेल तर तो माल बाँडेड गोदामात ठेवू शकतो, तिथे शुल्क माल बाहेर काढताना त्या दिवशीच्या दराने लागतं. गोदामाचं भाडं किती महिने परवडतं, एवढंच त्याने पाहायचं.

आणि एक शक्यता तपासून घ्या. २ एप्रिलच्या आदेशात अशी तरतूद होती, की मालाच्या किमतीत किमान २० टक्के भाग अमेरिकेचा असेल तर त्या आदेशाचं शुल्क फक्त उरलेल्या भागावर लागेल. टॉवेलमध्ये कापूस हा मोठा खर्च, आणि टेक्सास हे कापसाचं सर्वांत मोठं राज्य, तेही रिपब्लिकन. भारत सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत स्थगितही केलं होतं. अमेरिकन कापूस वापरत असाल तर गाठींचे कागद, सूतगिरणीचं लॉटनिहाय प्रमाणपत्र आणि खर्चाची फोड घेऊन ब्रोकरला विचारा की तुमच्या मालावर आज लागू असलेल्या आदेशात ही तरतूद आहे का, आणि २० टक्क्यांत कापसाची किंमत कशी मोजायची. मिश्र गाठींचं सूत असेल तर हा मार्ग बंद समजा, कारण कोणता कापूस कुठे गेला हे तुम्ही दाखवूच शकणार नाही.

तुमचा कोड, विक्रीची अट आणि बायरने मागितलेली सूट खाली लिहिलीत, तर हाच हिशेब तुमच्या आकड्यांवर करून देतो.